वंशावळीत न लिहिलेले आठ आठवडे

दक्षिण आफ्रिकेतल्या मोगाले सिटी इथले पशुवैद्य कर्ट डी क्रेमर एका आयरिश वुल्फहाउंड कुत्रीचं सिझेरियन करत होते. गर्भाशयाचा एक भाग त्यांना नेहमीपेक्षा जास्त फुगलेला दिसला. आत पाणी साचलं असावं, असं त्यांना वाटलं. चीर दिल्यावर एक पिल्लू बाहेर आलं, पाठोपाठ दुसरं आलं, आणि दोघांच्याही नाळा एकाच वारेला जोडलेल्या होत्या. कुत्रीला एका वेताला सहा-सात पिल्लं झाली तरी प्रत्येकाची वार स्वतंत्र असते, म्हणून हा प्रकार डॉक्टरांना वेगळा वाटला. पिल्लं दोन आठवड्यांची झाल्यावर त्यांचं रक्त तपासलं, सहा आठवड्यांची झाल्यावर ऊतींचे नमुने तपासले. दोघांची जनुकं तंतोतंत जुळली. योहान नथलिंग आणि कॅरोलिन जून या संशोधकांसह डी क्रेमर यांनी २०१६ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. एकाच फलित अंड्यापासून जन्मलेली कुत्र्याची जुळी पिल्लं जनुकीय पुराव्यानिशी नोंदली गेली, ती ही पहिलीच. त्यांची नावं कुलेन आणि रोम्युलस.

आपल्याकडे एका वेताच्या पिल्लांना सर्रास जुळी म्हटलं जातं. प्रत्यक्षात ती एकाच वेळी वाढलेली साधी भावंडं असतात. प्रत्येक पिल्लू वेगळ्या अंड्यातून येतं, आणि माजाच्या काळात कुत्रीशी एकापेक्षा जास्त नरांचा संग झाला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लंही असू शकतात. कुलेन आणि रोम्युलस मात्र खरीखुरी एकरूप जुळी होती. तरीही त्यांच्या पंजांवरचे, छातीवरचे आणि शेपटीच्या टोकाचे पांढरे पट्टे सारखे नव्हते. जन्मताना ती भावंडांपेक्षा लहान होती आणि सहा आठवड्यांत त्यांच्या बरोबरीला आली.

रक्त तेच, आई तीच, वारसुद्धा तीच, आणि तरी कातडीवरचा रंग वेगळा पडला. मग ज्या गोष्टी जन्मानंतर घडतात, त्यांचं काय? कुत्र्यांच्या बाजारात हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. आपण पिल्लू घेताना त्याचं रक्त विकत घेतो. बाप कोणता, आजोबा कुठल्या देशातून आणलेला, घराण्यात चॅम्पियन किती, केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद आहे की नाही, याची चौकशी होते आणि त्यावर भाव ठरतो. पिल्लू जन्मल्यापासून आठ आठवडे कुठे होतं, कुणाच्या हातात होतं, आईजवळ किती दिवस होतं, हे त्या कागदावर लिहायला जागाच नाही. तो कुत्रा पुढे माणसांत कसा वागेल, याचा मोठा भाग मात्र त्या आठ आठवड्यांत ठरतो. पिल्लाच्या किमतीत आणि कायद्याच्या धाकात या आठवड्यांना पहिलं स्थान मिळालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

रक्तावरचा हा विश्वास किती पातळ पायावर उभा आहे, ते आधी पाहू. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी त्यांच्या वागण्याबद्दल दिलेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं त्यात एकत्र तपासली होती. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा सुमारे ९ टक्केच उलगडा जातीवरून होतो, असं त्यात दिसलं. क्लोनिंगचा अनुभवही याच बाजूचा आहे. २००५ साली सोलमध्ये स्नपी हा जगातला पहिला क्लोन कुत्रा जन्मला. त्यासाठी १०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांच्या गर्भाशयात सोडावे लागले होते. जन्मलेल्या दोन पिल्लांपैकी एक बाविसाव्या दिवशी न्यूमोनियाने गेलं. अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी आपल्या लाडक्या कुत्रीचे क्लोन करवून घेतले आणि २०१८ साली सांगितलं, की दोघींचे स्वभाव वेगवेगळे आहेत. इतका पैसा आणि इतके जीव खर्चून रक्ताची नक्कल मिळाली, मूळ कुत्री परत मिळाली नाही.

मग त्या आठ आठवड्यांत घडतं तरी काय?

कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कानांच्या नळ्या बंद असतात. लघवी आणि शी करायलाही त्याला आईची जीभ लागते. आईने पोटाखाली चाटलं नाही तर ते तुंबून राहतं. सगळ्यांत मोठी अडचण उबेची. मोठ्या कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं, पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ३५ ते ३७. थरथरून ऊब निर्माण करणं त्याला अजून येत नाही. म्हणून ती एकमेकांवर ढीग करून झोपतात आणि आईच्या पोटाकडे सरकतात. गार पडलेल्या पिल्लाची आतडी मंदावतात, ते दूध ओढू शकत नाही, आणि वरून बाटलीने दूध पाजलं तरी पचत नाही. अशा पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्यायची आणि मगच दूध, हे जाणत्या ब्रीडरला पाठ असतं. नवख्या माणसाच्या हातून नेमकं उलटं होतं आणि पिल्लू दगावतं. नवजात पिल्लांना मारणारा हर्पीस विषाणूसुद्धा कमी तापमानाच्या अंगातच जोमाने वाढतो.

दुसरी गोष्ट चिकाची. गाईच्या चिकाचं मोल आपल्या घराघरांत माहीत आहे. कुत्रीच्या चिकाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्यं बरीचशी गर्भातच मिळतात. कुत्र्याच्या पिल्लाला वारेतून त्यांतला अगदी थोडा वाटा मिळतो, बाकी सगळी भिस्त चिकावर. तीही पहिल्या चोवीस तासांपुरती, कारण ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेण्याची पिल्लाच्या आतड्यांची क्षमता त्यानंतर संपते. फ्रान्समधल्या तुलूझ इथल्या संशोधकांनी दुसऱ्या दिवशी पिल्लांचं रक्त तपासलं. ज्यांच्या रक्तात ही द्रव्यं कमी होती, त्यांच्यात मरणाचं प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास निघालं. ज्यांना पुरेशी मिळाली होती, त्यांच्यात ५ टक्के. एका वेतात आठ पिल्लं असली, की धडधाकट पिल्लं चांगल्या आचळांवर ठाण मांडतात आणि लहानखुरं मागे ढकललं जातं. त्याला उचलून आचळाला लावणारा माणूस त्या पहिल्या रात्री जागा होता की झोपला होता, यावर त्या पिल्लाचं जगणं ठरू शकतं. नॉर्वेत दहा हजारांहून जास्त वेतांचा हिशोब मांडला गेला तेव्हा सरासरी एका वेताला ५.४ पिल्लं होती, आणि मेलेली जन्मलेली व पहिल्या आठवड्यात गेलेली मिळून ८ टक्के दगावली होती. काळजीपूर्वक नोंदी ठेवणाऱ्या देशातले हे आकडे आहेत.

म्हणूनच चांगल्या ब्रीडरच्या घरात वजनकाटा आणि वही असते. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा आणि रोजच्या वजनाची नोंद. पहिल्या दिवशी थोडं वजन उतरलं तर चालतं, पण नंतर ते रोज चढायला हवं आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं. एक दिवस जरी काटा अडला, तरी काही तरी बिघडलं आहे असं समजायचं. पिल्लू विकत घेणाऱ्याने पेडिग्रीचा कागद मागण्याआधी ही वही मागावी, असं मला मनापासून वाटतं.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, त्यानंतर काही दिवसांत कान उघडतात. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू लटपटत उभं राहतं, शेपूट हलवतं, आवाजाला दचकतं. इथून पुढचा काळ सर्वांत मोलाचा. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ साली ते ग्रंथरूपाने मांडलं. सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याला त्यांनी सामाजिकीकरणाचा काळ म्हटलं. आपलं कोण आणि परकं कोण, हे पिल्लू या काळात शिकतं. १९६१ साली तिथेच झालेला एक प्रयोग आज वाचतानाही अस्वस्थ करतो. पिल्लांना कुंपण घातलेल्या मैदानात माणसाचा संपर्क न येऊ देता वाढवलं गेलं. त्यांतली काही ठरावीक वयात एकेक आठवडा माणसांत आणली गेली. तिसऱ्या आठवड्यात आणलेली पिल्लं लगेच माणसाकडे ओढली गेली. पाचव्या आणि सातव्या आठवड्यातली आधी बिचकली, मग रुळली. नवव्या आठवड्यातल्यांना आणखी वेळ लागला. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं रानटीच राहिली. त्यांत चांगल्या घराण्यातली कॉकर स्पॅनियल आणि बीगल पिल्लं होती. माणसाच्या सोबतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं रक्त त्यांच्या अंगात होतं आणि ते चौदा आठवड्यांच्या एकांतापुढे टिकलं नाही.

उलट दिशेची चूक आपल्याकडे रोज होते. ‘तीस दिवसांचं पिल्लू आहे, खायला लागलंय, घेऊन जा,’ असं सांगून पिल्लं दिली जातात. पिल्लू जितकं लहान तितकं गोड दिसतं, विकणाऱ्याचा दूध-खाद्याचा आणि लसीचा खर्च वाचतो, आणि घेणाऱ्यालाही वाटतं की लहानपणापासून आपल्याजवळ राहिलं म्हणजे जीव लावेल. इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली १४० कुत्र्यांची तुलना केली. त्यांतले अर्धे तीस ते चाळीस दिवसांचे असताना आईपासून तोडलेले होते, अर्धे साठ दिवसांचे झाल्यावर. लवकर तोडलेल्या कुत्र्यांत फिरायला नेताना घाबरणं, आवाजाला बिथरणं, सतत भुंकणं, खेळण्यावर आणि खाण्यावर हक्क गाजवणं हे दोष जास्त आढळले. याचं कारण समजायला अवघड नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लाला दुधाचे दात आलेले असतात. ते भावाला जोरात चावतं, भाऊ कळवळून खेळ सोडतो; आईला चावलं तर ती गुरगुरते आणि उठून जाते. चाव्याचा जोर किती ठेवायचा, हा धडा त्या काळात मिळतो. तो भावंडांकडून आणि आईकडून मिळायचा असतो. पुढे आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर मिळाला, तर दोष कुत्र्यावर येतो.

आईच्या मायेचं गणितही सरळ नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ‘द सीइंग आय’ या संस्थेत अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार होतात. तिथल्या २३ माता आणि ९८ पिल्लांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पिल्लांना फार चिकटून राहणाऱ्या, सतत चाटणाऱ्या आयांची पिल्लं मोठेपणी प्रशिक्षणात जास्त नापास झाली. ज्या आया बसून किंवा उभ्याने पाजत, म्हणजे पिल्लाला आचळापर्यंत पोहोचायला थोडी धडपड करावी लागे, त्यांची पिल्लं जास्त यशस्वी ठरली. त्याच्या वर्षभर आधी स्वीडनमध्ये लष्करी सेवेतल्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांचा अभ्यास झाला होता. तिथे आईची काळजी जास्त मिळालेली पिल्लं दीड वर्षाची झाल्यावर माणसांत अधिक मिसळणारी निघाली. दोन निष्कर्ष विरुद्ध वाटतात. माझ्या मते फरक मायेच्या मात्रेचा आणि पुढच्या कामाचा आहे. रहदारीत एकट्याने निर्णय घेणाऱ्या कुत्र्याला लहानपणी थोडी अडचण सोसण्याची सवय हवी. दोन्ही अभ्यासांतून एक मात्र निर्विवाद निघतं: जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आई कशी वागली, याचा ठसा मोठ्या कुत्र्यात सापडतो. हवेशीर जागा नसलेल्या पिंजऱ्यात, वर्षाला दोनदा व्यायलेली, खंगलेली कुत्री आपल्या पिल्लांशी कशी वागत असेल याचा विचार करा. तिच्या पिल्लांच्या कागदावर चॅम्पियन आजोबाचं नाव असूही शकेल.

यावर चांगले ब्रीडर एक आक्षेप घेतील, आणि तो मला मान्य आहे. रक्त बिनमहत्त्वाचं नाही. डाल्मेशियनमधला जन्मजात बहिरेपणा, मोठ्या जातींचे खुब्याचे विकार, पगचा कोंडणारा श्वास हे सगळं वंशातून येतं आणि कितीही प्रेमाने वाढवलं तरी जात नाही. मेंढ्या हाकण्याची बॉर्डर कॉलीची ओढही रक्तातलीच. पण ज्या अर्थाने बाजार रक्ताची फुशारकी मारतो, त्या अर्थाने पाहिलं तर हाच मुद्दा त्याच्यावर उलटतो. २०२१ साली २२७ जातींच्या जनुकांची तपासणी झाली. त्यांतला आप्तसंकर सरासरी २५ टक्क्यांच्या जवळपास निघाला, म्हणजे सख्ख्या बहीणभावांच्या संततीइतका. गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या एका अभ्यासात आप्तसंकर १० टक्क्यांनी वाढला की वेतातलं साधारण एक पिल्लू कमी होतं, असं दिसलं. ब्रिटनमधल्या पाहणीत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरियर यांची ८० टक्क्यांहून जास्त वेतं सिझेरियननेच झाली होती, कारण पिल्लाचं डोकं मोठं आणि आईची कंबर अरुंद, अशीच निवड पिढ्यान्‌पिढ्या केली गेली. ‘शुद्ध’ म्हणून ज्याचे जादा पैसे घेतले जातात, तेच पिल्लाला जन्माच्या वेळी जड जातं. वंशाची चौकशी जरूर करावी, पण ती खुब्याच्या एक्स-रेची, कानांच्या तपासणीची आणि आईबापांच्या नात्याची करावी.

सरकारही रक्ताच्याच भाषेत विचार करतं. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला राज्यांना सांगितलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवलं. चावणाऱ्या कुत्र्यांचं भय खरं आहे आणि ज्यांच्या घरातलं माणूस जखमी झालं त्यांचा संतापही रास्त आहे. पण जातींची यादी करून हा प्रश्न सुटणार नाही. अंधाऱ्या खोलीत जन्मलेलं, तिसाव्या दिवशी आईपासून तोडलेलं आणि वर्षभर साखळीला बांधलेलं लॅब्राडॉरसुद्धा चावेल.

आणि खरं सांगायचं तर योग्य नियम आपल्याकडे आधीपासून आहेत. श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम केंद्राने २०१७ सालीच केले. प्रत्येक ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला गाभण करायचं नाही, आठ वर्षांनंतर करायचं नाही, लागोपाठच्या दोन माजांना करायचं नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विज्ञान जे सांगतं तेच इथे कायद्यात आहे. पण ज्या १९६० सालच्या मूळ कायद्याखाली हे नियम आले, त्यात प्राण्याला क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एका पिल्लाची किंमत हजारोंत असताना हा दंड कुणाला रोखणार? दंडाची रक्कम वाढवणं आणि नोंदणी क्रमांकाशिवाय पिल्लाची जाहिरात छापायला किंवा मोबाइलवर टाकायला बंदी करणं, या दोन गोष्टी जातींच्या याद्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

लसीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे काळजीपोटी नुकसान होतं. पार्व्हो हा विषाणूजन्य आजार आपल्याकडे पिल्लांचा मोठा काळ आहे. म्हणून सगळ्या लसी होईपर्यंत, म्हणजे चार महिन्यांचं होईपर्यंत, पिल्लाला दाराबाहेर काढू नका असं सांगितलं जातं. तोवर बारावा आठवडा उलटून जातो आणि शिकण्याची खिडकी जवळपास बंद होते. पिल्लाला रस्त्यावरच्या घाणीत सोडू नये हे बरोबर आहे. पण कडेवर घेऊन रिक्षाचा, ढोल-ताशाचा, कुकरच्या शिटीचा आवाज ऐकवता येतो; घरी आजी-आजोबा, लहान मुलं, हेल्मेट घातलेला माणूस दाखवता येतो; लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी खेळवता येतं. संसर्ग टाळायचा म्हणून पिल्लाला जगापासूनच तोडायचं कारण नाही.

ज्यांच्यामागे कुठलाच कागद नाही, त्या रस्त्यावरच्या पिल्लांना या चर्चेतून वगळता येणार नाही. पश्चिम बंगालमध्ये आयसर कोलकात्याच्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९५ वेतांतली ३६४ पिल्लं पाहिली. त्यांतली जेमतेम १९ टक्के प्रजननक्षम वयापर्यंत जगली, आणि जी मेली त्यांतल्या ६३ टक्क्यांच्या मरणात माणसाचा हात होता. ज्यांना पिल्लू हवं आहे त्यांच्यासाठी आपल्या गल्लीतच जिन्याखाली एखादी कुत्री व्यालेली असते. तिथे निदान आई समोर दिसते, ती कशी पाजते ते दिसतं, आणि आठ आठवडे थांबणं आपल्याच हातात असतं. तेवढे दिवस आईला पोटभर खायला घालावं, पिल्लांना रोज हाताळावं, नंतर एक घरी आणावं आणि आईची नसबंदी करून घ्यावी.

ब्रीडरकडूनच घ्यायचं असेल तर मात्र घाई करू नका. फोटोवरून पिल्लू ठरवू नका. स्वतः जाऊन त्याची आई पाहा, ती हाक मारल्यावर जवळ येते की कोपऱ्यात सरकते ते पाहा, पिल्लं जिथे वाढली ती जागा पाहा, वजनाची वही पाहा. आई दाखवायला जो नकार देतो आणि छप्पन्न दिवसांच्या आत पिल्लू द्यायला जो तयार असतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका, त्याच्याकडचा कागद कितीही मोठ्या घराण्याचा असला तरी.